अर्धं हसू

सुरकुत्या म्हणजे माझ्यापुढे किस झाड की पत्ती, असं मी घरात छाती ठोकून सांगितलं होतं.

"बंद पडलेली हृदयं चालू केलीत मी," मी नवऱ्याला म्हणाले. "चेहऱ्याला क्रीम लावायला कसला आलाय अनुभव?"

"लागत असेल गं थोडाफार," तो म्हणाला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

खरं तर मला त्वचेच्या क्लिनिकमधली ती नोकरी हवीच होती. इमर्जन्सी वॉर्डात नर्स म्हणून माझी कायम रात्रपाळी. लेकीने शाळेत घरातल्यांचं चित्र काढलं, त्यात बाबा उभे, ती उभी, मांजरसुद्धा उभं, आणि मी एकटी आडवी. वर्गशिक्षिकेने विचारलं, आई आजारी आहे का? तर म्हणाली, "नाही, आई अशीच असते." ते ऐकून मी बाथरूमचा नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

क्लिनिकमधली ही नोकरी दिवसाची होती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आठवडाभर बघू. जमलं तर तुम्ही आमच्या."

पहिल्याच सकाळी एक तरुणी खुर्चीत बसली आणि मी सवयीने विचारलं, "पोट साफ झालं का?"

"मी भुवयांसाठी आलेय," ती म्हणाली.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. इथे कुणाला पेशंट म्हणायचं नाही, नातेवाइकांना बाहेर हाकलायचं नाही, आणि "घाबरू नका, वाचाल" असा धीर तर अजिबात द्यायचा नाही. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोण धरणार!

चौथ्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. मनातल्या मनात मी त्यांना हेडबाई म्हणू लागले. ताठ पाठ, करडी नजर, आणि ओठांचे कोपरे असे खाली ओढलेले, की त्यांनी न विचारताच मी नखं दाखवणार होते. सोबत त्यांचे यजमान होते. ते बाहेर पेपर वाचत बसले.

"नात मला बघून आईच्या मागे लपते," हेडबाई म्हणाल्या. "परवा म्हणाली, आजी चिडलीय. अगं, मी तेव्हा हसत होते."

मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. माझीही लेक मला आडवीच ओळखते, हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांच्या मानेखाली उशी मात्र नीट सरकवली. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, बर्फ आणा." मी गेले. बर्फ खालच्या कप्प्यात घट्ट चिकटला होता, त्याच्याशी झटापट करून परत आले, तर मॅडम खोलीत नव्हत्या. हेडबाई एकट्याच पडल्या होत्या.

त्या माझ्याकडे बघून हसल्या. अर्ध्याच! तोंडाची उजवी बाजू वर गेली आणि डावी जागची हलली नाही. काहीतरी बोलायला गेल्या, तर शब्द लडबडले आणि तोंडातून लाळ ओघळली.

माझ्या हातातला बर्फ खाली पडला. वाकडं तोंड, अडखळती जीभ. पक्षाघात! वॉर्डात आम्हाला हे झोपेतही ओळखायला शिकवलेलं.

"दोन्ही हात वर करा!"

हेडबाईंनी हात वर केले आणि पुन्हा काहीतरी सांगायला लागल्या.

"बोलू नका. श्वास घ्या. मी आहे."

त्यांनी डावीकडच्या गालाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, हो हो, कळलंय मला, तीच बाजू गेलीय. खुर्चीला चाकं होती. मी ब्रेक काढला आणि हेडबाईंसकट खुर्ची दणकन बाहेर आणली. "अँब्युलन्स बोलवा! रस्ता सोडा!" भुवयांवाली तरुणी दुसऱ्या फेरीला आली होती, ती थेट जिन्यात पोचली. रिसेप्शनवरच्या मुलीने फोन लावता लावता रडायला सुरुवात केली.

हेडबाईंचे यजमान पेपर टाकून धावले. बायकोचा हात दोन्ही हातांत घेऊन गुडघ्यावर बसले.

"अगं, काय गरज होती गं या सगळ्याची?" त्यांचा आवाज फुटत होता. "आयुष्यभर मी हेच तोंड बघायला ऑफिसातून धावत घरी आलो. रागाव, ओरड, काय वाटेल ते कर. पण मला सोडून जाऊ नकोस."

हेडबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मीही डोळे पुसले, आणि एवढ्यात शेजारच्या खोलीतून मॅडम आल्या.

"काय चाललंय?"

"मॅडम, डावी बाजू गेलीय!"

"गेली नाही. मी बधिर केलीय," मॅडम म्हणाल्या. "ओठांचे कोपरे वर उचलायची सुई टोचण्याआधी ओठ बधिर करतात, सिस्टर. अजून उजवी व्हायचीय."

नेमकं तेव्हाच दोन माणसं स्ट्रेचर घेऊन जिना चढून आली. पुढचा मला वॉर्डापासून ओळखत होता. "सिस्टर, तुम्ही इथेपण?" त्याने विचारलं. जमिनीने मला पोटात घेतलं असतं तर मी तिचे आभार मानले असते.

स्ट्रेचरवाले गेल्यावर मी पर्स उचलली. काय तोंडाने घरी जायचं, तेवढंच डोक्यात होतं. पुन्हा रात्रपाळी, पुन्हा दिवसा झोप.

"कुठे निघालात?" मॅडमनी विचारलं. "बधिर केलंय हे तुम्हाला सांगून जायला हवं होतं. चूक माझी आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण निदान मला हाक तरी मारायची."

"वॉर्डात तेवढ्या वेळात माणूस जातो, मॅडम."

हेडबाई त्यांच्या लडबडत्या जिभेने, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "हिला काढलंत, तर माझी उजवी बाजू मी दुसरीकडे करून घेईन." यजमानांनी जोरजोरात मान हलवली. त्यांनी अजून बायकोचा हात सोडला नव्हता.

नोकरी राहिली. मॅडम आता मला सगळं पहिल्यापासून शिकवतात, आणि मीही निमूट शिकते. संध्याकाळी घरी जाते, रात्री लेकीशेजारी झोपते. ती झोपेत लाथा मारते, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

परवा हेडबाई पुन्हा आल्या. नात आता मांडीवर येऊन बसते, म्हणाल्या. मॅडम माझ्यासमोर त्यांच्या ओठाची एक बाजू बधिर करून बाहेर गेल्या. हेडबाई अर्ध्या हसल्या. या वेळी मी जागची हलले नाही.

"हे असंच असतं," मी मुरलेल्या माणसासारखं सांगितलं. "अजिबात घाबरायचं नाही."

"मी कुठे घाबरलेय?" हेडबाई अर्ध्या तोंडाने म्हणाल्या. "तू आधी माझी नाडी सोड."