मुखपृष्ठावरची होडी

गठ्ठ्याची सुतळी कापून ल्युसीबाईंनी वरचं पुस्तक हातात घेतलं. मुखपृष्ठावर मावळता सूर्य होता, सोनेरी पाणी होतं, आणि होडीत उभा राहून जाळं फेकणारा एक उघडाबंब माणूस होता. त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'जाळं टाकताना'. खाली, 'ल्युसी परेरा'.

ल्युसीबाई अंधेरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या. इंटरनेटवर नेमकं कसं शोधावं, आलेल्या उत्तरांतलं खरं कुठलं आणि भंपक कुठलं हे कसं ओळखावं, यावर त्यांनी मराठी ग्रंथपालांसाठी पुस्तक लिहिलं होतं. सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या. नाव ठेवलं होतं, 'ग्रंथपालांसाठी वेब-शोध: तत्त्वे आणि तंत्रे'.

त्यांनी घाटकोपरला प्रकाशकाला, गुणाजी तेलींना, फोन लावला.

"गुणाजी, हे काय आहे?"

"कव्हर. झकास झाला मां?"

"नाव कुठे गेलं?"

"खाली आसा ना, ल्युसी परेरा."

"माझं नाही हो, पुस्तकाचं!"

"बाई, रागावू नका. तुमचा ता 'तत्त्वे आणि तंत्रे' वाचूनच माका झोप येय. वेब म्हणजे जाळाच नाय काय? त्यात तुम्ही वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. म्हटला, बरोब्बर बसला!"

"मला विचारायचं तरी."

"इचारलंय! व्हॉट्सॲपवर कव्हर धाडलंय. तुम्ही अंगठो दाखवल्यात."

ल्युसीबाईंनी फोन वर सरकवत पाहिलं. अंगठा होता. त्या दिवशी कॉलेजात तपासणी समिती आली होती, आणि समितीच्या चहाच्या धावपळीत त्यांनी चित्र न उघडताच अंगठा पाठवून दिला होता. उघडून पाहिल्याशिवाय काही खरं मानू नका, असं पुस्तकभर बजावणाऱ्या बाईंनी ते चित्र आता पहिल्यांदा उघडलं.

"निदान 'ग्रंथपालांसाठी' तरी कुठे आहे?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"आतल्या पानार आसा. उघडला की दिसता."

पण उघडायचं कोणी? वितरकानं मुखपृष्ठ पाहिलं आणि पुस्तक मत्स्यव्यवसायाच्या यादीत टाकलं. महिन्याभरानं बोरिवलीच्या कॉलेजातली त्यांची मैत्रीण शीतल फोनवर भेटली. तीही ग्रंथपालच.

"अगं, आलं ना तुझं पुस्तक! कोळंबी संवर्धनाच्या शेजारी ठेवलंय."

"शीतल, ते तुझ्यासाठी लिहिलंय गं! उघडून पाहिलंस का?"

"नवीन पुस्तक कोण उघडून बघतं, यार? शिक्का मारायचा, नंबर घालायचा. ऑनलाइन कॅटलॉगला पण मीच चढवलं. बाकीच्या कॉलेजांनी माझी नोंद तशीच उचलली."

"म्हणजे सगळीकडे कोळंबी?"

"काही ठिकाणी सुकी मासळी असेल," शीतल म्हणाली आणि मग जरा ओशाळून, "सॉरी गं."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण वर्सोव्यात बातमी पोचली. ल्युसीबाईंचा भाऊ नेव्हिल अजून बोट चालवायचा. त्याच्या मच्छीमार सोसायटीनं पुस्तकाचा अख्खा गठ्ठा घेतला आणि सत्कार ठरवला.

"नेव्हिल, त्यांना सांग ना रे, हे इंटरनेटचं आहे म्हणून."

"मी काय सांगू? लोक खूश हायत. आपल्या गावची पोर, आपल्यावर पुस्तक लिवलं. तूच सांग स्टेजवरून."

ल्युसीबाईंनी स्टेजवरून सांगितलं. "हे पुस्तक खरं म्हणजे इंटरनेटबद्दल आहे," असं त्या माइकमध्ये म्हणाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. आपली मासेमारी इंटरनेटवर गेली, असा सभेनं अर्थ घेतला. त्यांना शाल मिळाली, आणि बर्फात घातलेला भलामोठा घोळ मासा मिळाला. तो रिक्षात मांडीवर घेऊन घरी येताना त्यांना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

घरी पोचतात तोच मुलुंडहून देवस्थळी सरांचा फोन. सरांनीच त्यांना ग्रंथालयशास्त्र शिकवलं होतं. "आपल्या लोकांसाठी मराठीत लिही, ल्युसी," असा धोशा वर्षानुवर्षं त्यांनीच लावला होता. आता त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं.

"पुस्तक मिळालं," सर म्हणाले. "सुनेनं मुखपृष्ठ वाचून दाखवलं. आपला विषय सोडलास तर. असू दे. घरचं ते घरचं."

त्या 'असू दे'नं ल्युसीबाईंना झोप लागली नाही. रविवारी चर्चमधून त्या थेट मुलुंडला गेल्या. सर गॅलरीत बसले होते, पुस्तक मांडीवर. ल्युसीबाईंनी सगळं सांगून टाकलं: अंगठा, कोळंबी, घोळ मासा. मग पहिलं पान उघडून अर्पणपत्रिका वाचली. "ज्यांनी मला शोधायला शिकवलं, त्या देवस्थळी सरांना."

सरांनी पानावरून हात फिरवला.

"छान," ते म्हणाले. मग संकोचून, "म्हणजे यात जाळ्याचं काहीच नाही?"

"नाही सर."

"डोल जाळ्याचंसुद्धा?"

"नाही."

"अरेरे." सरांचा चेहरा लहान मुलासारखा उतरला. "मी सुनेला म्हटलं होतं, रोज दोन पानं वाच. जन्मभर कपाटांत राहिलो गं. समुद्रावर माणसं काय करतात ते ऐकायचं होतं. डोल म्हणे पाण्यात रोवून ठेवतात. तू तर तिथलीच. सांग ना."

वडील पहाटे बोटीवर जायचे तेव्हा त्या अभ्यास करायच्या. जाळ्याच्या वासानं डोकं दुखतं म्हणून खिडकी लावून घ्यायच्या. "मला काहीच माहीत नाही, सर," त्या म्हणाल्या.

"मग निदान चांगलं पुस्तक तरी शोधून दे," सर म्हणाले. "ते तर येतं ना तुला?"

ते येत होतं. ल्युसीबाईंनी पर्समधून फोन काढला. नेमके शब्द अवतरणचिन्हांत घातले, नको ते वगळले, फक्त ग्रंथालयांचे कॅटलॉग निवडले, आणि शोधाचं बटण दाबलं. पाहता पाहता उत्तर आलं. एकच पुस्तक, ठिकठिकाणच्या कॉलेजांत. सोनेरी पाणी, होडी, आणि होडीत उभा उघडाबंब माणूस.

"मिळालं का?" सरांनी आशेनं विचारलं.

"मिळालं, सर," ल्युसीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उलटा ठेवला. "पण ते पुस्तक काही चांगलं नाही."