पाण्याच्या रांगेतल्या सुलूआक्का

पाण्याच्या रांगेत घागर न घेता उभी राहणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या शेजारच्या सुलूआक्का. पदर खोचलेला, हातात पाटी, आणि भर उन्हात अखंड बीजगणित.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी नव्या कचेरीत कारकून होतो. इकडं इमारती उठत होत्या आणि तिकडं पाऊस दगा देत होता. निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकातल्या गावांच्या विहिरी आटल्या, तशी तिथली कुटुंबं बांधकामावर आली आणि आमच्या गल्लीमागच्या माळावर पत्र्याची खोपटं टाकून राहिली. त्यांची घरात कानडी, शाळेत मराठी. मोठी पोरं वर्गात गप्प बसून राहत, आणि टँकर यायच्या दिवशी तर शाळेकडं फिरकतच नसत. आईबाप कामावर गेल्यावर रांग धरणार कोण?

आक्का मुलींच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. एकट्या जिवाला पुरेल इतकं पाणी घरच्या आडाला होतं. तरी त्या रांगेत हजर. "पोरं शाळेत येईनात, मग शाळाच तिथं न्यायची," एवढंच त्यांचं म्हणणं.

"हाव, पण कसं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. पोरानं उत्तर बरोबर दिलं तरी हाच. भाजीवाला म्हणाला, "आक्का, वांगी ताजी हायत," की "हाव, पण कसं?" डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं, तर त्यांनाही हेच विचारून आक्कांनी हृदयाची आकृती काढायला लावली. रांगेतल्या बायका करवादायच्या, "घागर न्हाई तर मधी कशाला उभारल्या, आक्का?" आक्का त्यांनाच पाढे विचारायच्या. बायका गुमान पुढं सरकायच्या.

त्या पोरांत मल्लम्मा मोठी, दहावीतली. हिशोबाला तल्लख, पण मराठी बोलायची वेळ आली की ओठ मिटायची. आक्कांनी तिला आधी भांडायला शिकवलं. "घुसणाऱ्या बाईला सांग, रांगेत ये! मोठ्यानं सांग!" तिचं पहिलं खणखणीत मराठी वाक्य ते.

बोर्डाचा गणिताचा पेपर नेमका टँकरच्या दिवशी आला. बाप शिवाप्पा म्हणाला, "पेपर हाय ते खरं. पण पाणी कोण भरंल?"

"मी भरते," आक्का म्हणाल्या.

त्या दिवशी आक्कांच्या हाती पहिल्यांदा घागर आली. टँकर थांबला आणि रांग मोडली. आक्का ओरडत राहिल्या, "एकेक करून! एकेक करून!" कुणी ऐकेना. धक्के खात, नखशिखांत भिजत त्यांनी अर्धी घागर मिळवली, आणि कमरेवर घेऊन डचमळत खोपटापर्यंत नेली तेव्हा तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं. शिवाप्पानं घागरीत वाकून पाहिलं. मग आक्कांकडं पाहिलं.

"आक्का," तो म्हणाला, "तुम्ही शिकवाच. पाण्याचं मी बघतो."

पुढचे पेपर संपेपर्यंत टँकर आला की रांगेत शिवाप्पा उभा असायचा.

मल्लम्मा पास झाली. गल्लीभर पेढे वाटले ते आक्कांनी. पण तोवर इमारत उभी राहिली होती, आणि मुकादमानं सगळ्यांना नायगावकडच्या कामावर न्यायचं ठरवलं. खोपटांचे पत्रे उतरायला लागले. मल्लम्मा बोचकी बांधत होती.

आक्का माळावर गेल्या. मी सोबत होतो. "पोरीला माझ्याकडं ठेवा," त्या शिवाप्पाला म्हणाल्या. "अकरावीला घालते."

शिवाप्पानं हातातला पत्रा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "तरणी पोर हाय, आक्का. तुमच्या घरी कोण कोण हाय?"

सगळ्या गल्लीला प्रश्न विचारणाऱ्या आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"कोणीच न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मागतेय."

दुसऱ्या दिवशी ट्रक निघायच्या आधी शिवाप्पा आक्कांच्या दारात ज्वारीचं गाठोडं ठेवून गेला. "तिच्या वाट्याची हाय," म्हणाला. आक्कांनी वाद न घालता ते दोन्ही हातांनी उचलून आत नेलं.

संध्याकाळी आमच्या भिंतीपलीकडून आक्कांचा आवाज आला. अडखळत, शाळकरी पोरासारखा. "ऊटा आय्ता?" कानडीत 'जेवलीस का?'

मग ताटं मांडल्याचा आवाज आला. दोन ताटांचा.