कोणाचाच नसलेला शर्ट

"हा तुमचा की माझा?"

इस्त्री झालेला शर्ट दोन बोटांत धरून बायकोने विचारलं. प्रश्न साधा होता. पण कोणता कपडा पुरुषाचा आणि कोणता बाईचा हे सरकारला पटवून देण्यावर ज्याने आयुष्यभर पोट भरलं, त्या माणसाने शर्ट उलटासुलटा केला, खिडकीपाशी उजेडात नेला आणि शेवटी कबूल केलं की सांगता येत नाही. दुःख याचं, की तो शर्ट त्याच्याच डोक्यातून निघाला होता.

तो परदेशातून येणाऱ्या सुती कपड्यांच्या आयातकराचा सल्लागार होता. कोणता कपडा कोणत्या कलमात बसतो हे तो झोपेतही सांगे. बायकोच्या मते ऐकणारेही तोवर झोपलेले असत. सुती मालाच्या ऑर्डरी कोणत्या देशाकडून कोणत्या देशाकडे सरकताहेत यावर तो एका व्यापारी मासिकात लेख लिही. ते लेख दोघंच वाचत, तो स्वतः आणि मुद्रितशोधक. पुढे मुद्रितशोधकाने विभाग बदलून घेतला.

घोळ सुरू झाला तो धाकट्या मेहुण्यापासून. त्याला सगळे बापू म्हणत. सासऱ्यांच्या मागे कपड्यांचं दुकान तोच चालवी आणि दुकान उतरणीला लागलं होतं. या हंगामात परदेशी सुती शर्टांनी हात दिला नाही, तर शटर कायमचं ओढायचं असं घरात ठरलं होतं. नेमका ऑर्डर द्यायच्या वेळी पुरुषांच्या सुती शर्टांवरचा कर वाढला. बायकांच्या शर्टांवरचा होता तिथेच राहिला. बापू तोंड पाडून आला आणि सल्लागाराच्या अंगात आलं.

त्याने नियम समजावला. पुढची डावी पट्टी उजवीवर येत असेल तर कपडा पुरुषाचा, उजवी डावीवर आली तर बाईचा. आणि काहीच कळत नसेल, तर तो बाईचाच धरायचा.

"म्हणजे कळूच द्यायचं नाही," तो म्हणाला.

"कोणाला, भाऊजी?"

"कोणालाच."

हे उत्तर त्याला स्वतःलाच फार आवडलं. त्याचा अर्थ मात्र त्याला पुढे कळला.

नमुन्याचं चित्र त्याने स्वतः काढलं. पट्टीवर पट्टी नाही. दोन कडा समोरासमोर येणार आणि आतल्या वेल्क्रोच्या चिकटपट्टीने मिटणार. खिसा नाही, बटण नाही, कंबरेला आकार नाही. कारखान्यातून विचारणा आली, की हे उशीचं कव्हर आहे का. त्याने उलट कळवलं, बाह्या दिसत नाहीत का. कारखान्याने कळवलं, आता दिसल्या.

माल उतरला तेव्हा तपासायला कस्टमची एक तरुण अधिकारी बाई होती. तिने शर्ट पुढून पाहिला, मागून पाहिला, आधी स्वतःच्या अंगाला लावून बघितला, मग शिपायाच्या.

"हे नक्की कोणासाठी आहेत?"

"सांगता येणार नाही," सल्लागार छाती काढून म्हणाला.

"मग विकणार कोणाला?"

तो मोठ्याने हसला. असला प्रश्न कुठल्याच कलमात नव्हता. माल कमी दराने सुटला आणि त्या दिवशी सासुरवाडीत त्याला जेवताना दोनदा आग्रह झाला, जो एरवी एकदाही होत नसे.

दुकानात मात्र त्या बाईचाच प्रश्न येऊन बसला. पुरुष शर्ट उचलत, पुढून बोट फिरवत आणि बायकोसाठी बघतोय असं दाखवून खाली ठेवत. बायका म्हणत, सुरेख आहे, पण आमच्या ह्यांना व्हायचा नाही. बापूने गठ्ठा एका बाजूला लावून पाहिला, दुसऱ्या बाजूला लावून पाहिला, शेवटी मधल्या जागेत टांगला. तिथे लोकांना वाटलं, नोकरांचे कपडे वाळत घातलेत.

सल्लागार स्वतः शर्ट घालून विक्रीला उभा राहिला. एका सज्जनाला त्याने डाव्या-उजव्या पट्टीचा नियम, अपवादासकट, सांगितला. सज्जन आदराने ऐकत राहिले. मग त्यांनी हळूच स्वतःच्या बटणांकडे पाहिलं आणि निवडून ठेवलेली पँटही तिथेच टाकून निघून गेले.

बापूने शिंपी बोलावून खिसे आणि बटणं लावायचं काढलं, तर सल्लागारच आडवा पडला. हा कपडा कोणाचा ते कळत नाही असं आपण सांगून बसलोय, आता पुरुषांचा करून विकला तर उद्या तीच बाई दारात उभी राहील, असं तो म्हणाला. बापूने शिंप्याला परत पाठवलं. खपेनात म्हणून त्यातले काही शर्ट नातेवाइकांत घरोघर वाटले गेले आणि सल्लागाराच्या कपाटात नवराबायकोचे ढीग एक झाले.

"साऱ्या जगाला कमी कर भरायला शिकवलंत," बायको म्हणाली. "माझ्या भावाचा तर एवढा कमी केलात, की पुढच्या वर्षी त्याला भरावाच लागणार नाही. माहेरी तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत."

"मला घरात ठेवल्याबद्दल खरं तर तुलाच सूट मिळायला हवी," तो म्हणाला. ती हसली नाही, तेव्हा त्याला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

हंगाम सरत आला. आवराआवरीला हात लावायला दोघं दुकानात गेली होती. तेवढ्यात टॉवेल घ्यायला एका इस्पितळाच्या मेट्रनबाई आल्या. त्यांचं लक्ष त्या गठ्ठ्याकडे गेलं. त्यांनी एक शर्ट एका हाताने टर्रकन उघडला, एका हाताने मिटला, परत उघडला. हाताला प्लास्टर असलेल्या पेशंटला बटणं लावताना त्यांच्या नर्सेस रडकुंडीला येत होत्या. धुऊन आल्यावर पुरुषांच्या वॉर्डातले कपडे बायकांच्या वॉर्डात जात आणि सकाळ भांडणात जाई, ते वेगळंच. त्यांनी सगळा गठ्ठा मागितला आणि पुढेही असेच लागतील म्हणून सांगितलं. बापू मटकन स्टुलावर बसला.

"पण हे सुचलं कोणाला?" मेट्रनबाईंनी विचारलं.

आजवर कोणी आपण होऊन त्याला असं विचारलं नव्हतं. सल्लागाराने घसा खाकरला. डावी पट्टी अगदी ओठांवर आली. काउंटरमागे बायकोने त्याच्या पायावर आपला पाय ठेवला आणि शांतपणे भार वाढवत नेला.

"चुकून झालं," तो म्हणाला.

"कोणाकडून?"

"माझ्याचकडून."

मेट्रनबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बापूला बजावलं, "या माणसाला सोडू नका."

"सोडता कुठे येतंय," घड्या घालता घालता बापू म्हणाला, "बहीण दिलीय."