फुप्फुसगडी शत्रू कोंडला त्याची हकीकत

कुलस्वामिनीस नमन करून, शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सरी, एका देहाच्या राज्यात जे घडले ते जसे कळले तसे लिहिले. फुप्फुसगडावर वाऱ्याच्या वाटेने क्षयाचे जंतू शिरले. पहाऱ्यास भक्षकपेशींचे पथक होते, आणि त्यांची चाल अशी की परका दिसला की सगळाच गिळावा आणि पोटातील आगीत जिरवावा. त्या पथकातील येसबा शिपायाने एक जंतू गिळिला आणि निश्चिंत बसला. परंतु जंतूच्या अंगी मेणाचे चिलखत, तो जिरेना, उलट पोटातच बिऱ्हाड मांडून वाढू लागला, आणि येसबास कळेना की शत्रू मारिला की घरी आणिला. तोच चांगोजी जासूद फिरतीवर आले आणि म्हणाले, "येसबा, जेवलास की पाहुणा ठेवलास?" मग चांगोजींनी दुसऱ्या एका जंतूच्या चिलखताचा तुकडा घेतला आणि गळ्याखालच्या गाठीत सरदारांची सदर होती तेथे गेले. सदरेत सरदार हजारो, आणि प्रत्येकास आपला एकच वैरी ठाऊक, दुसऱ्याचा वैरी समोर आला तरी ओळखू नये. तुकडा ज्यास दाखवावा तो मान हालवी, आणि असे दोन आठवडे गेले, आणि तिकडे येसबाचे पोट फुटावयास आले. अखेर सिदोजी सरदारांनी तुकडा हाती घेतला आणि म्हणाले, "हा माझा." मग त्यांनी आपल्यासारखे हजारो उभे केले आणि रक्ताच्या वाटेने गड गाठिला आणि अशी हाक दिली की शिपायांच्या पोटातील आग भडकली, आणि बहुतेकांनी आपापले जंतू जाळिले. येसबाचा मात्र जळेना, नुसता निजला. मग सिदोजींनी शिपाई खांद्यास खांदा लावून येसबाभोवती उभे केले, त्यांचा तटच झाला. येसबा गोंधळून म्हणाला, "सरदार, मी राखणदार की बंदिवान?"

"तू फुटलास की तो सुटेल."

"म्हणजे दोन्ही."

सिदोजी स्वतःही त्या तटात जाऊन उभे राहिले.

एकूण इतकेच की गड राहिला, शत्रू मेला नाही, आणि यास जय म्हणावे की काय, ते अद्याप उमगत नाही. राज्याच्या धन्यास यातील काहीच ठाऊक नाही. त्यांस चार दिवस कणकण आली, मग भूक लागली, आणि दोन भाकऱ्या खाऊन ते कामास गेले.