अंगठा जागा पाह्यजे

आमच्या सिडकोतल्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार, असं कुणी विचारत नाही. मागे कधी आलं होतं, एवढंच विचारतात. अशा कोरड्या गल्लीत एक गृहस्थ रोज सकाळी समोरच्या रिकाम्या प्लॉटच्या एका टोकाला उभे राहतात, मासे धरायची काठी डोक्यावरून फिरवतात आणि दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या फुटक्या घमेल्यावर नेम धरून दोरा सोडतात. दोऱ्याला गळ नसतो. गळाच्या जागी एक लोखंडी नट बांधलेला असतो. नट घमेल्यात पडला की टण्ण आवाज येतो आणि त्या आवाजावर आमच्या गल्लीतल्या बायका कुकर चढवतात.

नवं बिऱ्हाड राहायला आलं की पहिल्या आठवड्यात कुणीतरी मला विचारतंच, "ताई, ते आजोबा काय करतात हो?"

"मासे धरायचा सराव."

"इथं? पाणी कुठंय?"

"पाणी पैठणला. आणि आजोबा माळकरी आहेत, मासे खात नाहीत."

यावर नवं बिऱ्हाड एकदा घमेल्याकडं बघतं आणि एकदा माझ्याकडं. घर बदलावं का, याचा विचार करत असावं.

हे रंगनाथ आण्णा. मूळचे वैजापूरकडचे. गावाकडं शेती आहे, ती भाऊ बघतात. आण्णा तरुणपणी चितेगावच्या एका कारखान्यात चिकटले ते निवृत्त होऊनच बाहेर आले. मधे कधीतरी त्या कारखान्यात मोठं यंत्र बसवायला परदेशातून एक साहेब आला. त्याला रविवारी मासे धरायचा नाद. पैठणचं धरण जवळच, पण सोबत कुणाला पाठवायचं? मॅनेजरनं विचार केला की हा माळकरी माणूस साहेबाचे मासे तरी पळवणार नाही, आणि आण्णांना धाडलं. साहेबाला मराठी येत नव्हतं, आण्णांना इंग्रजी. साहेब रिळावर अंगठा ठेवून दाखवायचा, आण्णा तसाच अंगठा ठेवायचे. एवढ्यावर दोघांची दोस्ती झाली. परत जाताना साहेबानं काठी आणि रीळ आण्णांच्या हातात ठेवलं.

त्यानंतर आण्णा एकटेच धरणावर जाऊ लागले. नट बांधून. तिथले मासेमारी करणारे हटकून विचारायचे, "आण्णा, काय लागलं का?"

"लागलं काय नाय," आण्णा म्हणायचे, "पन गुतलंबी नाय."

आण्णांच्या लेखी मासेमारीतलं यश ते हेच.

इथं थोडं रिळाबद्दल सांगायला हवं, नाहीतर आण्णांचा मोठेपणा कळायचा नाही. हे रीळ काठीवर आडवं बसतं. नट फेकला की त्याच्या ओढीनं ते गरगर फिरतं आणि दोरा सुटत जातो. पुढं नट हवेत मंदावतो, पण रीळ आपल्याच तोऱ्यात फिरत राहतं. मग जास्तीचा दोरा जागच्या जागी उसळतो आणि क्षणात त्याची गुंतवळ होते, विंचरताना गळालेल्या केसांची होते तशी. त्यात आण्णांचा दोरा साधा नायलॉनचा नाही. बारीक धाग्यांची वेणी घालून केलेला. त्याला ते 'येणीचा दोरा' म्हणतात. हाताला रेशीम लागतो आणि एकदा गुंतला की सात जन्मांचं वैर काढतो. यावर उपाय एकच: फिरत्या रिळावर अंगठा हलका टेकवून ठेवायचा आणि नट टेकायच्या आत दाबायचा. म्हणून आण्णांचं एक वाक्य ठरलेलं, "अंगठा जागा पाह्यजे."

हे वाक्य ते कुठंही लावतात. शेजारच्यांचं दूध उतू गेलं, "अंगठा झोपला व्हता." कुठलंसं सरकार पडलं, "अंगठा झोपला व्हता." एका लग्नात वरमाईला चहा द्यायचा राहिला आणि सगळं वऱ्हाड रुसलं, तेव्हा आण्णा पत्रावळीवरून मान वर करून म्हणाले, "एवढ्या मांडवात एकाचाबी अंगठा जागा नव्हता?" आणि पुन्हा बुंदीकडं वळले.

दोरा जुना झाला की नवा भरायचा सोहळा असतो. त्यासाठी मी ठरलेली. मी घरच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. आण्णांच्या मते गल्लीत दोऱ्याची कदर असलेली मी एकटीच. नव्या दोऱ्याचं बंडल पेन्सिलीत ओवून मी धरायचं आणि आण्णांनी रीळ फिरवायचं. आधी थोडा नायलॉनचा दोरा गुंडाळायचा.

"का हो, आण्णा?" मी पहिल्यांदा विचारलं.

"तू ब्लाउजाला अस्तर लावती का नाय? तसं हे अस्तर. गुळगुळीत रिळावर येणीचा दोरा थेट भरला तर तो रुततच नाय. पाहुण्यावानी नुस्ता गरगर फिरतो."

मग ओल्या फडक्याच्या चिमटीतून दोरा ताणून ताणून भरायचा. सैल भरला तर वरचा वेढा खालच्यात घुसतो. काठोकाठ भरायचा नाही, थोडी जागा सोडायची. मग नट लटकवून बाजूची चावी पिळायची. नट सावकाश उतरला पाहिजे आणि जमिनीला टेकताच रीळ थांबलं पाहिजे. हे चाललेलं असताना बोलायचं नाही. एकदा मी शिंकले, तर आण्णांनी सगळा दोरा उलगडून पुन्हा भरला.

दोरा ते शहागंजातल्या एका दुकानातून मागवून घेतात. तो दुकानदार इतक्या वर्षांत एकाच प्रश्नावर अडलाय. "आन्ना, मच्छी तो आप खाते नइं, फिर इत्ता मजबूत धागा कायकू होना?"

"गुतू नये म्हनून."

"तो फेंकोच नक्को ना. कुछ नइं गुतता."

हा किस्सा आण्णा स्वतःच सगळ्यांना सांगतात. "मान्साला अक्कल हाये," ते म्हणतात, "पन नाद नाय."

एकदा शेजारच्यांचे जावई पुण्याहून आले. "त्यात काय एवढं?" म्हणत त्यांनी आण्णांच्या हातून काठी घेतली आणि जोरात हिसका दिला. नट पायाशीच पडला आणि रिळावर ही एवढी गुंतवळ उभी राहिली. जावई माझ्याकडं कात्री मागायला आले. मागोमाग आण्णा येऊन दारात उभे राहिले. "कात्री मिळायची नाय," ते म्हणाले. मग ओट्यावर बसून त्यांनी ती गुंतवळ सोडवायला घेतली. अंगठा दाबून रिळाची दांडी एक-दोनदा फिरवायची, मग हलकंच ओढायचं. निघतं तेवढं निघू द्यायचं, अडलं तिथं नुसतं सैल करायचं, हिसडा द्यायचा नाही. जावयांची पुण्याची गाडी चुकली, तरी आण्णांनी मान वर केली नाही. सासरच्यांनी मात्र जावयाला आणखी एक दिवस राहायचा आग्रह करावा लागला, याचं वाईट वाटून घेतलं.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो, तोवर माझाच अंगठा झोपला.

नळ आला होता. भरलेली बादली घेऊन ओल्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण अंगठा लाकडासारखा ताठ. तो वळेना. कात्री हातात घ्यावी तर उघडेना. लग्नसराई तोंडावर आलेली. बायका यायच्या, बरं वाटतंय का विचारायच्या आणि जाताना, "राहू द्या ताई, घाई नाही," म्हणत आपलं कापड परत न्यायच्या. कपाटातला कप्पा रिकामा होत गेला. माझं घर त्या कात्रीवर चालतं, आणि ती मी मशीनच्या खणात तळाशी ठेवून दिली, समोर दिसू नये म्हणून.

डॉक्टरांनी रबरी बॉल दिला होता. दिवसभर दाबत राहा म्हणाले. चार दिवस दाबला. पाचव्या दिवशी मनात आलं, शिवणकाम गेलं आणि आपण बॉल खेळत बसलोय. तो मी खिडकीत टाकून दिला.

आण्णा भेटायला आले तेव्हा त्यांना तो दिसला. त्यांनी तो तळहातावर फिरवला, परत खिडकीत ठेवला आणि चहा न घेताच उठून गेले. मला जरा रागच आला. म्हटलं, या माणसाला धड समाचारही घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा दारात. हातात रीळ, रिळावर गुंतवळ, आणि चेहरा पडलेला.

"लई गुतलं पाह्य, माय. मला आता बारीक दिसत नाय. तेवढं सोडव."

"आण्णा, माझा हात पाहताय ना?"

"डाव्यानं सोडव. उजव्या अंगठ्यानं नुस्तं दाबून धर."

आण्णांचा दोरा गुंतला! मला माझ्या हाताचं विसरून त्यांचंच वाईट वाटलं. मी संध्याकाळपर्यंत बसून ती गुंतवळ सोडवली. दुसऱ्या दिवशी दुसरी आली. मग रोजच. सकाळी टण्ण आवाज यायचा बंद झाला. गल्लीतले लोक आण्णांना त्यांचंच वाक्य ऐकवू लागले, "काय आण्णा, अंगठा झोपला का?" आण्णा मान खाली घालून म्हणायचे, "व्हय. वय झालं." ज्या माणसानं आयुष्यभर एकाच गोष्टीचा तोरा मिरवला, त्यानं तो असा सोडून दिलेला बघवत नव्हता. मी मनात म्हणायचे, निदान यांचा दोरा तरी आपण नीट करून देऊ.

पहिल्या गुंतवळी मोठ्या आणि सैल होत्या. पुढं बारीक आणि घट्ट होत गेल्या. डाव्या हाताला त्या आवरेनात, तेव्हा उजवा आपोआप मदतीला आला. एक दिवस काम संपल्यावर पाहिलं तर मी वेढा चिमटीत धरून सोडवत होते, आणि ती चिमूट उजव्या हाताची होती. मशीनचा खण उघडला, कात्री काढली, एक चिंधी कापली. वाकडी कापली गेली, पण कापली.

हे आण्णांना सांगायचं म्हणून सकाळी निघणार, तेवढ्यात नळ आला. आमच्याकडं नळ आला की आधी शेजाऱ्याला हाक मारायची रीत आहे. आण्णांची पाण्याची मोटार काही ऐकू येईना. हाका मारून दमले, मग जिना चढून त्यांच्या गच्चीवर गेले.

आण्णा पालथ्या बादलीवर पाठमोरे बसले होते. मांडीवर रीळ. हातानं दोऱ्याचे वेढे उपसून ते एकमेकांत खुपसत होते. पण इतक्या वर्षांची सवय. वेढा खुपसला की त्यांचा अंगठा नकळत तो सारखा करून जागेवर बसवायचा. पुन्हा उपसायचे, पुन्हा सारखा व्हायचा. "अरे, गुत ना बाबा," ते दोऱ्याला म्हणत होते. "रोज काय आर्जवं करायची तुझी?"

मला हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरून आले.

"आण्णा, नळ आलाय."

त्यांनी रीळ उपरण्याखाली झाकलं. मग माझ्याकडं पाहून परत बाहेर काढलं.

"तुझ्या काकूलाबी असाच बॉल दिल्ता," ते म्हणाले. काकू गेल्या त्याआधी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं, तेव्हा रोज सकाळी उजेडात दारात बसून आण्णा त्यांची वेणी घालायचे, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. "ती म्हनायची, मी काय लेकरू हाये का बॉल खेळाया? मी म्हनायचो दाब, ती भिताडाकडं तोंड करायची. मंग मीच तिचं समदं करू लागलो. येणी, जेवन, समदं. मला वाटलं, सुख देतोय. तिला एक कामबी ठिवलं नाय मी. अन् काम नाय तर हात कशाला उठंल?"

मी खाली वाकून त्यांच्या पाया पडले. मग जाऊन त्यांची मोटार लावली.

हाड डॉक्टरांनी जुळवलं, त्यांचे उपकार आहेतच. पण माझा अंगठा आण्णांनी जागा केला, आणि त्यासाठी स्वतःचा अंगठा गल्लीभर झोपलेला म्हणवून घेतला. आज मी जे चार घास कमावते त्यात त्यांचा वाटा आहे, हे मी कुणालाही सांगते.

कप्पा पुन्हा भरला. सकाळचा टण्ण आवाज सुरू झाला, कुकर वेळेवर चढू लागले. आण्णांचा दोरा अर्थातच गुंतायचा थांबला. दुपारी ते आपल्या दारात खुर्ची टाकून मांडीवरचं रीळ पुसत बसायचे. त्यांची मुलगी नाशिकला, घरात दुसरं माणूस नाही. माझ्या दाराकडं बघायचे, पण यायचे नाहीत. कामाशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, ही त्यांची जुनी रीत, आणि आता काम उरलं नव्हतं.

एका दुपारी मी दार लावून घेतलं आणि लाल दोऱ्याचं रीळ गुंतवायला बसले. शिवणारीचा हात, गुंतता गुंतेना. पुष्कळ वेळ गेला. शेवटी कशीबशी एक गुंतवळ झाली, ती पदरात घेऊन मी त्यांच्या दारात गेले.

"आण्णा, लई गुतलं बघा. तेवढं सोडवून द्या."

आण्णांनी चष्मा लावला. गुंतवळ उजेडात धरली, उलटीपालटी केली. कुणालाही कळलं असतं, हातानं केलेलं काम होतं.

"अंगठा जागा नव्हता व्हय?"

"नव्हता, आण्णा."

त्यांनी आतून दुसरी खुर्ची आणून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली.

"कात्री आनली नाय ना?"

"नाही."

"मंग लई येळ लागंल," आण्णा म्हणाले. "बस. च्या ठिवतो."