सर्वानुमते समुद्रात

कुटुंबसंस्था प्रेमावर टिकून आहे असा एक गोड गैरसमज आहे. ती टिकून आहे ती घरातल्या कुणाला नेमकं काय हवंय हे कुणालाच ठाऊक नसतं, या भक्कम पायावर. याबाबतची आकडेवारी पुरेशी बोलकी आहे. शंभरातली नव्याण्णव माणसं घरच्यांच्या आनंदासाठी जगतात. उरलेला एक जण एकटा राहतो आणि आनंदात असतो. (त्याच्याशिवाय शंभर भरत नाहीत, म्हणून त्याचा उल्लेख करावा लागतो.)

अधीक्षकांचं घर या बाबतीत आदर्श होतं. घरात माणसं चार : कचेरीत अधीक्षक असलेले बाबा, त्यांची बायको, त्यांची थोरली बहीण म्हणजे आत्या, आणि सोळा वर्षांची मुलगी. घरात कोणताही विषय निघाला की 'माझं काय, तुम्ही म्हणाल तसं' हा ठराव सर्वानुमते मंजूर होई. बैठकीच्या खोलीचा रंग असाच ठरला होता. (तो चौघांपैकी कुणालाही आवडत नाही.) 'नको' हा शब्द फक्त ताटात जास्तीचं वाढताना वापरत, आणि तेव्हाही तो कुणी ऐकत नसे.

अशा घरात एक दिवस अधीक्षकांची दाढ दुखू लागली. डॉक्टरांनी दिलेली तारीख बघायला ते भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभे राहिले. त्या महिन्याच्या पानावर निळाशार समुद्र, नारळीची बेटं आणि पांढऱ्या शिडाची नौका होती. अधीक्षकांनी गालावर हात ठेवला, डोळे मिटले आणि एक लांब उसासा टाकला.

हा उसासा बायकोनं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकला. लग्न झाल्यापासून नवऱ्यानं कशाकडे एवढ्या ओढीनं पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

"वन्सं, ह्यांच्या मनात समुद्र भरलाय," ती आत्यांना म्हणाली. "बोलायचे नाहीत कधी, पण मला कळतं."

आत्यांना पाळण्यात बसलं तरी भोवळ यायची. पण धाकट्या भावाची हौस म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "माझं काय, तुम्ही म्हणाल तसं." मुलीनं सुट्टीभर दुपारपर्यंत झोपायचं ठरवलं होतं. आत्याची एवढी इच्छा आहे म्हटल्यावर तीही गप्प बसली. सरतेशेवटी 'पोरीला फार वाटतंय हो' या शिफारशीसह प्रकरण अधीक्षकांपुढे आलं. अधीक्षकांना पोहता येत नव्हतं. भरलेल्या बादलीपासूनही ते दोन हात लांब राहत. पण पोरीचं मन मोडायचं म्हणजे काय? त्यांनी होकार दिला आणि दाढेचा विषय मागे पडला.

नौका छोटी होती, आणि कप्तान मोजकं बोलणारा होता. "नौका वाऱ्यावर चालते, पण जाते गिऱ्हाईक म्हणेल तिकडे," एवढा एकच नियम त्यानं सांगितला. रोज संध्याकाळी नांगर टाकला की तो विचारी, "उद्या पुढच्या बेटावर, का परत?" त्यानंतरची कार्यपद्धती ठरलेली होती. अधीक्षक बायकोकडे बघत, बायको आत्यांकडे, आत्या मुलीकडे, मुलगी बाबांकडे. ही फेरी पूर्ण झाली की चौघं हसत. हसण्याचा अर्थ कप्तान 'पुढे' असा लावी.

सहल दृष्ट लागण्यासारखी चालली होती. बायको सकाळपासून कठड्यावर ओणवी असे. (ओकारीचा आवाज आला तर 'मासे किती छान आहेत' असं ती मोठ्यानं म्हणे.) आत्या डोळे घट्ट मिटून बसत आणि मन कसं शांत झालंय ते सांगत. उन्हानं लाल झालेल्या मुलीच्या नाकाची साल निघाली होती. तिला तो रंग शोभतो असं सर्वानुमते ठरलं. अधीक्षक तरंगण्याचं जाकीट घालूनच झोपत, आणि घामाच्या धारा पुसत 'गारवा आहे जरा' म्हणत. बेटंही चित्रातल्यासारखीच निघाली. फक्त सावली नारळाच्या झाडाखाली होती, आणि नारळही नेमके त्याच झाडावर होते.

चौथ्या बेटाकडे निघाले आणि आभाळ काळवंडलं. वारा उलटसुलट वाहू लागला, शीड फडफडलं, नौका एका कुशीवर कलली. अधीक्षकांनी डोलकाठीला मिठी मारली ती कुणी हप्ते फेडून घेतलेल्या घराला मारावी तशी.

"पुढे खडक आहेत," कप्तान ओरडला. "आत्ता वळलो तर वळलो. परत फिरू का? कुणीतरी एकानं हो म्हणा!"

फेरी सुरू झाली. अधीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी डोळे उघडून मुलीकडे पाहिलं. अधीक्षकांच्या घशापर्यंत शब्द आले होते. एवढंच म्हणायचं होतं : मला भीती वाटते, घरी चला. पण सगळ्यांची मजा आपल्यापायी मोडली असं व्हायला नको, म्हणून ते मरायलाही तयार झाले. कर्तेपण म्हणतात ते हेच.

"मला घरी जायचंय!" मुलगी किंचाळली. "मला नाही आवडत हे! मला भीती वाटते, बाबा!"

तिच्याबद्दल अधीक्षकांना इतकी माया दाटून आली की डोळे भरले. मलाही, बाळा, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. बायको आणि आत्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

"बरं बाई," अधीक्षक म्हणाले. "तुझ्यासाठी फिरू परत."

"पोरीच्या सुखापुढे सहल ती काय," आत्या म्हणाल्या. बायकोनं मान डोलावली आणि सुटकेनं पुन्हा एकदा मासे पाहिले. कप्तानानं नौका वळवली. (परत फिरायचं त्याच्याही मनात पहिल्या दिवसापासून होतं, पण गिऱ्हाईक म्हणेल तसं.)

घरी आल्यावर सहलीचं वर्णन गल्लीभर झालं. "काय सांगू, स्वर्ग! पुढे अजून कितीतरी बेटं होती, पण आमची पोर घाबरली." आल्यागेल्याला हे सांगताना तिघांचे चेहरे त्यागानं उजळत. मुलगी ऐकत बसे. अधीक्षक तेवढ्या वेळात चष्मा पुसत. खरं सांगून टाकावं असं त्यांना दर वेळी वाटे, आणि चष्मा दर वेळी स्वच्छ होई.

वर्ष सरलं. नव्या कॅलेंडरवर बर्फाचा डोंगर होता. मुलगी परीक्षेची तारीख बघायला त्यापुढे उभी राहिली, आणि मागे तिघं जण येऊन थांबले.

"डोंगर आवडतात ना तुला?" आईनं विचारलं. "मागच्या वेळी सहल अर्धीच राहिली तुझ्यामुळे. या वेळी जाऊ या?"

मुलीनं वळून तिघांकडे पाहिलं. आईकडे, आत्याकडे आणि सगळ्यात जास्त वेळ बाबांकडे. मग ती हसली.

"माझं काय, तुम्ही म्हणाल तसं."

किती समजूतदार झाली पोर, म्हणून आत्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. अधीक्षकांनी मात्र चष्मा पुसायला घेतला. डोंगरावरून परत फिरा म्हणणारं आता घरात कुणीच उरलं नव्हतं.

अशी माणसं असतात एकेक, असं म्हणून वाचक हसले असतील. हसायला हरकत नाही. आत्ताच आतून कुणीतरी विचारलंय, 'रात्री जेवायला काय करू?' तेवढं उत्तर द्या, आणि काय दिलंत ते स्वतःच ऐका.