बुटाच्या तळव्यावरचं लेबल

नातीला वाचन शिकवायचं आजोबांनी ठरवलं, त्यात तिची काळजी चिमूटभर आणि स्वतःची पसाभर होती.

झालं असं, की शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. पोरगी घडाघडा वाचते, पण न लिहिलेलं ओळखत नाही. धड्यातला मुलगा निथळती छत्री घेऊन घरात शिरला, तर बाहेर काय चाललं होतं, असं विचारलं की म्हणते, ‘लिहिलेलं नाही.’ शनिवारपर्यंत सुधारली नाही, तर रोज सहा ते सात जादा तास, आणि सोबत घरचं मोठं माणूस हवं.

संध्याकाळी सहाला घरात रिकामं मोठं माणूस एकच. आणि सहा ते सात ही आजोबांची फिरायची वेळ. डॉक्टरांनी सांगितलेली, त्यासाठी आजीने खास नवे बूट आणलेले. (आजोबा कोपऱ्यापर्यंतच फिरत. तिथल्या सलूनमध्ये मागच्या बाकावर पत्त्यांचा डाव मांडलेला असे.) म्हणजे डाव बुडणार. हे काही खपण्यासारखं नव्हतं.

आजोबांची शाळा तिसरीत सुटली होती, पण शिंपीकामात चाळीस वर्षं गेली होती. त्यांनी पुस्तक बाजूला सारलं आणि दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचं गाठोडं सोडलं. ही पँट बघ, डावा खिसा फाटलाय, उजवा कोरा. म्हणजे काय? नात म्हणाली, लिहिलेलं नाही. आजोबांनी कपाळावर हात मारला.

“अगं, माणूस तोंडाने खोटं बोलतो, कापड बोलत नाही. तीन खुणा जुळल्या की पक्कं समज.”

तिसऱ्या दिवशी एका शर्टाचं विरलेलं कोपर, बाहीवरची शाई आणि छातीवरच्या चुण्या बघून ती म्हणाली, हे काका ऑफिसात टेबलावर झोपतात. आजोबांची छाती फुगली. मास्तरकी म्हणजे डाव्या हातचा मळ!

शुक्रवारी गृहपाठ मिळाला: घरातली एक गोष्ट ओळखा, तीन खुणा लिहा, मोठ्यांची सही आणा. वही आजोबांपुढे आली. चष्मा आतल्या खोलीत, आणि वाचायचा कंटाळा जन्माचा. त्यांनी झोकात सही ठोकून दिली.

शनिवारी बाईंचा शेरा आला: ‘उत्तम. जादा तास नको.’ आजोबांनी सगळ्यांना जेवायच्या टेबलाशी बसवलं आणि नातीला मोठ्याने वाचायला लावलं.

“माझे आजोबा फिरायला जात नाहीत. खूण एक: चार महिने झाले, तरी त्यांच्या बुटाच्या तळव्यावरचं नंबराचं लेबल तसंच आहे. खूण दोन: त्यांची पँट गुडघ्यावर नवी आणि बुडाशी विरलेली आहे. खूण तीन: त्यांना टक्कल आहे, पण पँटला काळे बारीक केस चिकटतात. म्हणून ते सलूनमध्ये बसतात.”

सुनेला ठसका लागला. पोरं कल्पना लढवतात, त्यांचं काय मनावर घ्यायचं, असं आजोबा पुटपुटले.

आजीने वही त्यांच्याकडे फिरवली. “खरंय. पण खाली ही सही कोणाची हो?”

तेव्हापासून सहाच्या ठोक्याला आजी चपला घालून दारात उभी. सलूनवरून जाताना आतून खोकले ऐकू येतात, आणि आजोबा आभाळाकडे बघतात.

पाचव्या दिवशी आजोबा कण्हत, लंगडत बाहेर आले. गुडघा गेला म्हणाले. आजीचा चेहरा जरा उतरलाही.

पुस्तकातून मान वर काढत नात म्हणाली, “आजोबा, दारातून येताना तुम्ही डावा पाय ओढत होता. आता उजवा ओढताय.”

आजीने दोन्ही बूट पुढे सरकवले.